ब्लॉक झालं म्हणजे झालं: मॅजिकमधली लढाई समजून घेताना

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं जातं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातले अडखळे तेवढे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आज एका पत्त्यांच्या खेळाबद्दल बोलायचंय, आणि त्यातल्याही एकाच गोष्टीबद्दल. खेळाचं नाव मॅजिक द गॅदरिंग आणि गोष्ट म्हणजे त्यातली लढाई. कोण चालून जातो, कोण अडवतो आणि मार कोणाला बसतो. ऐकायला सोपं वाटतं. मला पण सोपंच वाटलं होतं. त्याच भरात मी एका बारा वर्षांच्या पोराला हरवलं, आणि ते हरवणं चुकीचं होतं. तोच डाव आज तुमच्यासमोर मांडतो, कारण लढाईचे बहुतेक नियम त्या एका डावातून समजतात.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी कळंबचा. धाराशिवकडचं कळंब नाही बरं का, आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं कळंब, जिथे पायऱ्या उतरून खाली गणपतीच्या दर्शनाला जावं लागतं. बी.टेक. केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. 2022 मध्ये रूममेटमुळे मॅजिकचा नाद लागला. तेही मोबाईलवर, मॅजिक अरीना नावाचं अ‍ॅप आहे त्यावर. दोन-तीन महिने खेळलो आणि मला वाटायला लागलं, आपल्याला सगळं कळलं.

दिवाळीला घरी गेलो. माझा एक मामेभाऊ आहे, तेव्हा सातवीत होता. त्याला आज आपण छोट्या म्हणू. छोट्याला पत्त्यांचं वेड. मेंडीकोटमध्ये तो मोठ्या माणसांना घाम फोडतो. म्हटलं, याला मॅजिक शिकवू. खरी कार्डं महाग पडतात, म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून जुन्या, सोप्या कार्डांचे रंगीत प्रिंट काढले, कात्रीने कापले, प्लॅस्टिकच्या पाकिटात एकेक जुना पत्ता पाठीशी घालून दोन डेक बनवले. घरच्या घरी हे चालतं. अधिकृत स्पर्धेत चालत नाही, तिथे खरीच कार्डं लागतात. मामी म्हणाली, "सणासुदीचे पत्ते काहून काढले बे?" आम्ही म्हटलं, यात पैसे नाहीत. मग तिने चिवडा आणून दिला.

खेळ थोडक्यात

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. मॅजिक 1993 मध्ये आला. बनवणारा रिचर्ड गारफिल्ड, गणितातला डॉक्टरेट. दोन खेळाडू, प्रत्येकाला 20 लाइफ. समोरच्याचं लाइफ शून्यावर आणलं की तुम्ही जिंकलात. प्रत्येकाचा स्वतःचा डेक, नेहमीच्या प्रकारात निदान 60 कार्डांचा. त्यात जमिनीची कार्डं असतात, त्यातून माना मिळतो. माना म्हणजे खर्चायचा पैसा समजा. तो खर्च करून तुम्ही मंत्र टाकता किंवा क्रिएचर मैदानात उतरवता.

क्रिएचरच्या कार्डावर खाली उजव्या कोपऱ्यात दोन आकडे असतात. ग्रिझली बेअर्स, म्हणजे आपलं अस्वल, 2/2. पहिला आकडा ताकद, म्हणजे ते किती मारतं. दुसरा आकडा दम, म्हणजे किती मार खाल्ल्यावर मरतं.

इथपर्यंत छोट्याला लगेच कळलं. तो म्हणाला, "हे तर ट्रम्प कार्डासारखंच हाय." आठवतात ना, शाळेत कुस्तीवाल्यांचे ट्रम्प कार्ड? उंची बोला, वजन बोला, ज्याचा आकडा मोठा त्याने कार्ड घेतलं. मी म्हटलं, नाही. इथे आकडा नुसता मोठा असून भागत नाही. कोणती गोष्ट कधी केली, यावर सगळं आहे.

वार कोणावर?

पहिला गैरसमज इथेच होतो. ज्यांनी यू-गी-ओ पाहिलंय किंवा खेळलंय, त्यांना वाटतं की माझा राक्षस तुझ्या राक्षसावर हल्ला करणार आणि कोणावर करायचा ते मी ठरवणार. मॅजिकमध्ये तसं नाही. मी हल्ला करतो तो समोरच्या खेळाडूवर. त्याच्या क्रिएचरवर हल्ला करताच येत नाही. प्लेन्सवॉकर वगैरे एक-दोन प्रकारच्या कार्डांवर करता येतो, पण ते आज बाजूला ठेवू.

मग लढाई कोणाशी होणार हे कोण ठरवतं? बचाव करणारा. मी म्हणतो, हे तीन निघाले तुझ्यावर. तो ठरवतो, यातल्या कोणाला अडवायचं, कोणाकडून, आणि कोणाला येऊ द्यायचं. त्याने काहीच अडवलं नाही, तरी चालतं. मार त्याच्या लाइफमधून वजा होतो, बस.

हल्ला करणारं क्रिएचर टॅप होतं, म्हणजे कार्ड आडवं करायचं. आडवं कार्ड समोरच्याच्या टर्नमध्ये अडवू शकत नाही. म्हणजे हल्ला केला की तुमचं घर तेवढं उघडं पडलं. अडवणारा मात्र टॅप होत नाही. आणि आजच उतरवलेलं क्रिएचर त्याच टर्नमध्ये हल्ला करू शकत नाही, पण समोरच्याच्या टर्नमध्ये अडवू शकतं. सगळे नियम बचाव करणाऱ्याकडे थोडे झुकलेले आहेत. छोट्याला हे फार आवडलं. तो म्हणाला, "मंग मी अडवूनच जिंकतो."

पाच पायऱ्या

लढाईच्या पाच पायऱ्या असतात. एक, लढाईची सुरुवात. दोन, हल्लेखोर जाहीर करणं. तीन, अडवणारे जाहीर करणं. चार, डॅमेज, म्हणजे मार. पाच, शेवट.

हे पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की दोन नंतर आणि तीन नंतर एकेक फट आहे. हल्लेखोर जाहीर झाले की दोघांनाही झटपट मंत्र, म्हणजे इन्स्टंट टाकायची संधी मिळते, आधी ज्याचा टर्न आहे त्याला. दोघेही "माझं काही नाही" म्हणाले की मगच अडवणारे जाहीर होतात. ते झाल्यावर परत तशीच संधी. मग डॅमेज, आणि तो सगळ्यांचा एकाच वेळी होतो. माझं अस्वल आणि तुझं अस्वल भिडले तर दोघेही मरतात. मी आधी मारलं म्हणून मी वाचलो, असं नसतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला हे स्टेट मशीनसारखं दिसतं. एका स्थितीतून दुसरीत गेलात की मागचं दार बंद. पण हे असं सांगितलं की छोट्याचे डोळे झाकायला लागतात. त्याला मी सांगितलं, कबड्डी आठव. रेडर आत शिरला, मग पकड, मग पंचाचा निकाल. निकाल लागल्यावर कोणी म्हणत नाही की थांबा, मला आता पकडायचंय.

एक साधं उदाहरण. मी 3/3 चा हिल जायंट घेऊन येतो. तू 2/2 च्या अस्वलाने अडवतोस. मी मनात म्हणतो, गेलं हे अस्वल. आता तू जायंट ग्रोथ टाकतोस, एका मानाचा हिरवा इन्स्टंट, टर्न संपेपर्यंत +3/+3. तुझं अस्वल झालं 5/5. माझा जायंट मेला, तुझं अस्वल तीन मार खाऊन जिवंत. टर्नच्या शेवटी तो मंत्राचा जोर उतरतो आणि झालेला डॅमेजही त्याच क्षणी पुसला जातो. म्हणून अस्वल नंतरही मरत नाही. हे दोन्ही एकदम होतात, असं नियमात मुद्दाम लिहिलंय.

आणि जायंट ग्रोथ टाकल्याबरोबर मी उत्तरादाखल लाइटनिंग बोल्ट टाकला तर? बोल्ट म्हणजे एका लाल मानात तीन डॅमेज. नंतर टाकलेला मंत्र आधी लागू होतो, ताटांची चळत असते ना, वरचं ताट आधी उचलतो, तसं. अस्वल अजून 2/2 च आहे, ते बोल्टने मेलं. जायंट ग्रोथ फुकट गेला.

तो डाव

आता तो डाव. भाऊबीजेची दुपार. माझा डेक लाल-हिरवा, छोट्याचा हिरवा-पांढरा. तिसराच डाव, आणि छोट्या बरोबरीने खेळत होता. त्याचं लाइफ 5, माझं 8. माझ्याकडे मैदानात क्रॉ वर्म, 6/4 चा. हातात एक लाइटनिंग बोल्ट. त्याच्याकडे मैदानात एकच अस्वल.

मी वर्म घेऊन हल्ला केला. छोट्याने अस्वल पुढे केलं, "अडवलं." मी बोल्ट टाकून अस्वल मारलं. मग म्हटलं, "आता अडवणारं कोणी राहिलं नाही. सहा डॅमेज तुला. गेम."

तो म्हणाला, "पण मी अडवलं होतं ना दादा! मंग माह्यावर कसा काय येते तो?"

मी म्हटलं, अडवणाराच मेला ना, रस्ता मोकळा झाला. तो म्हणाला, हे बरोबर नाही. मी म्हटलं, नियम आहे. त्याने हातातलं कार्ड दाखवलं. सेरा एंजल होती, 4/4, उडणारी. पुढच्या टर्नमध्ये उतरवणार होता. मी म्हटलं, "अगले बारी." त्याने पत्ते गोळा केले, लाडवाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि बाहेर खेळायला गेला. मी पुण्याला येईपर्यंत तो डबा त्याने परत काढला नाही. मी पण विचारलं नाही.

बग कोणात होता?

फेब्रुवारीत एका रात्री मोबाईलवर खेळत होतो. अगदी तशीच वेळ आली. मी हल्ला केला, समोरच्याने अडवलं, मी अडवणारं क्रिएचर मंत्राने मारलं. आणि समोरच्याचं लाइफ जागचं हललं नाही. माझं क्रिएचर नुसतं जाऊन परत आलं. मला वाटलं, अ‍ॅपमध्ये बग आहे. स्क्रीनशॉटसुद्धा काढला.

मग नियम उघडले. मॅजिकचे संपूर्ण नियम कंपनी फुकट देते, शेकडो पानांचं दस्तऐवज आहे, क्रमांक घातलेलं. त्यात 509.1h मध्ये स्पष्ट लिहिलंय. एकदा अडवणारा जाहीर झाला की हल्लेखोर "ब्लॉक झालेला" ठरतो. नंतर अडवणारा मेला, पळाला, हातात परत गेला, काहीही झालं, तरी तो ब्लॉक झालेलाच राहतो. आणि 510.1c सांगतो की ब्लॉक झालेल्या क्रिएचरसमोर कोणीच उरलं नसेल तर ते काहीही डॅमेज देत नाही.

म्हणजे छोट्या शब्दशः बरोबर होता. "मी अडवलं होतं ना." हो, अडवलं होतं. ब्लॉक झालं म्हणजे झालं.

आता यातली खरी गंमत. मी तोच बोल्ट, त्याच अस्वलावर, एक पायरी आधी टाकला असता तर? म्हणजे हल्ला जाहीर झाल्यावर, पण छोट्याने अडवायच्या आधी. अस्वल मेलं असतं, अडवायला कोणी नसतं, सहा डॅमेज आणि मी रीतसर जिंकलो असतो. कार्ड तेच, लक्ष्य तेच. एक पायरी उशीर झाला आणि बोल्ट वाया गेला. मॅजिकमधली लढाई शिकायची म्हणजे एवढंच शिकायचं: आपण आत्ता कोणत्या पायरीवर आहोत.

मग नवशिक्या म्हणेल, मी नेहमी आधीच मारीन. त्यालाही किंमत आहे. आधी मारलं तर समोरच्याला कळतं की माझ्या हातात काय होतं. आणि आधी थांबलो तर तो कदाचित अडवणारही नाही, बोल्ट वाचेल. हा निर्णय प्रत्येक डावात नव्याने घ्यावा लागतो, म्हणून तर तीस वर्षं लोक हा खेळ खेळतायत.

आकडा उलटा करणारे नियम

कार्डांवर काही खास शब्द असतात, त्यातले लढाईचे मोजके सांगतो.

फ्लाइंग, उडणारा. याला फक्त उडणारा किंवा रीच असलेला अडवू शकतो. जायंट स्पायडर, कोळी, 2/4, उडत नाही पण रीच आहे, जाळं वर टाकतो असं समजा. व्हिजिलन्स असलं की हल्ला करूनही कार्ड आडवं होत नाही. सेरा एंजलकडे दोन्ही आहेत, फ्लाइंग आणि व्हिजिलन्स. म्हणून छोट्याचा तिच्यावर जीव.

फर्स्ट स्ट्राइक म्हणजे पहिला वार. मघाशी म्हटलं की डॅमेज एकाच वेळी होतो, त्याला हा अपवाद. लढाईत कोणाकडे फर्स्ट स्ट्राइक असेल तर डॅमेजची एक जादा पायरी आधी होते. 2/2 चा व्हाइट नाइट 2/2 च्या अस्वलाला ओरखडाही न येता मारतो.

ट्रॅम्पल म्हणजे तुडवत जाणं. 6/6 च्या डायनासोरला तुम्ही 2/2 च्या अस्वलाने अडवलं तर अस्वलाला मारण्यापुरते दोन, उरलेले चार तुमच्या लाइफला. अडवणारा आधीच मेला असेल तर सगळेच्या सगळे सहा. बघा, माझ्या क्रॉ वर्मवर ट्रॅम्पल हा एक शब्द असता तर मी बरोबर ठरलो असतो. तो नव्हता. कार्डावर जे लिहिलेलं नाही ते मी मनाने वाचलं होतं.

आणि डेथटच. याचा एक डॅमेजही जीव घेतो. टायफॉइड रॅट्स नावाचे उंदीर आहेत, 1/1. सहाच्या डायनासोरने हल्ला केला आणि उंदराने अडवलं तर डायनासोर मरतो. (उंदीर पण मरतो, म्हणा.) आणि एकाच क्रिएचरवर डेथटच आणि ट्रॅम्पल दोन्ही असले तर अडवणाऱ्याला फक्त एक द्यायचा, बाकी सगळा खेळाडूला.

कोणी म्हणेल, किती किचकट नियम, हे आपल्याकडचं नाही. सावंतवाडीची गंजिफा आठवा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, असे 120 गोल पत्ते. राजा वर, मग प्रधान, मग एक ते दहा आकडे. पण अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा! म्हणजे कोणता रंग खेळतोय हे डोक्यात ठेवल्याशिवाय आकड्याला अर्थच नाही. उंदराने डायनासोरला मारणं आपल्या पणज्यांना नवं वाटलं नसतं.

नियमही बदलतात

आणखी एक गोष्ट, कारण जुने व्हिडिओ बघून शिकणारे इथे फसतात. 1999 पासून 2009 पर्यंत लढाईत तिसरी एक फट होती. डॅमेज कोणाला किती हे ठरायचं, पण लागायच्या आधी परत मंत्र टाकता यायचे. मॉग फॅनॅटिक नावाचा 1/1 चा गॉब्लिन होता, त्याचा बळी देऊन कोणालाही एक डॅमेज देता येतो. त्याने अस्वलाला अडवायचं, लढाईचा एक डॅमेज ठरवून ठेवायचा, मग स्वतःचा बळी देऊन वरून अजून एक. एकाच जिवात दोनदा मारायचा. 2009 मध्ये मॅजिक 2010 हा संच आला आणि ती फट बंद झाली.

त्याच वेळी असा नियम आला की एका हल्लेखोराला अनेकांनी अडवलं तर त्यांचा क्रम लावायचा आणि पहिल्याला मरण्यापुरता डॅमेज दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. तोही नोव्हेंबर 2024 मध्ये फाउंडेशन्स संचाबरोबर गेला. आता हल्लेखोर आपला डॅमेज अडवणाऱ्यांमध्ये हवा तसा वाटतो. म्हणून कोणी तुम्हाला "मी दहा वर्षं खेळतोय" म्हणून नियम सांगितला तरी एकदा तपासा. तो खोटं बोलत नसेल, पण त्याचा नियम जुना असू शकतो.

परत कळंबला

2023 च्या पोळ्याला घरी गेलो. छोट्याला बोलावलं आणि सांगितलं, "त्या दिवशी तू बरोबर होतास. अडवल्यावर माझा वर्म तुझ्यापर्यंत येऊ शकत नव्हता. मी चुकीचा नियम सांगितला."

तो म्हणाला, "मले माहीत होतं."

मी म्हटलं, कसं काय माहीत होतं, नियम वाचले का? म्हणाला, नाही, पण अडवलं म्हणजे अडवलं. मग मला विचारलं, "तो डाव पुढे खेळता येते का?"

मला वाटलं, आता काय आठवणार. त्याला सगळं आठवत होतं. त्याचं लाइफ पाच, माझं आठ, कोणाच्या किती जमिनी, माझा बोल्ट खर्च झालेला, त्याचं अस्वल मेलेलं, हातात सेरा एंजल. मला त्यातलं अर्धंही आठवत नव्हतं. जो जिंकतो तो विसरतो, मंडळी. लाडवाचा डबा त्याच्या कपाटातच होता. आम्ही मैदान तसंच मांडलं आणि त्याच्या टर्नपासून सुरू केलं. त्याने एंजल उतरवली.

सांगायला बरं वाटलं असतं की तो जिंकला. नाही जिंकला. पाच-सहा टर्न चाललं, त्याने मला दोन लाइफपर्यंत आणलं, शेवटी मला अजून एक बोल्ट मिळाला आणि मी जिंकलो. या वेळी बरोबर पायरीवर टाकला. छोट्याने विचारलं, "हा बरोबर हाय ना?" मी मोबाईलवर नियम काढून दाखवला. त्याने वाचला, मान हलवली, म्हणाला, "आता बरोबर हरलो. अजून एक?"

रात्री अकरापर्यंत खेळलो. त्यातले तीन तो जिंकला.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मोबाईलवर नियम अ‍ॅप सांभाळतं, तुम्हाला चूक करूच देत नाही. टेबलावर ते काम आपलं असतं. तिथे ज्याला जास्त माहीत, त्याचा शब्द चालतो, आणि समोर लहान पोरगं असेल तर नक्कीच चालतो. म्हणून मी आता तीन गोष्टी पाळतो. पायरी मोठ्याने बोलतो: "हल्ला जाहीर, तुझं काही आहे का? नाही? मग अडव." समोरचा "हे बरोबर नाही" म्हणाला तर डाव थांबवून नियम वाचतो. आणि ज्या नियमामुळे मीच जिंकणार असतो, तो तर आधी तपासतो. कारण आपल्या फायद्याचा नियम आपण सगळ्यात कमी वेळा उघडून बघतो.

तुम्ही कोणाला खेळ शिकवताना असा चुकीचा नियम सांगितला असेल, मॅजिक असो की रमी की कॅरम, तर मला कळवा. आणि शक्य असेल तर त्या माणसालाही कळवा. त्याला तो डाव आठवत असेल.